जुन्या गाडीचा शाफ्ट बदलताना

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी संतसाहित्य, नाट्यसंगीत, मधुमेह, म्युच्युअल फंड अशा विषयांवर ऐकत आलो आहोत. यंदा कार्यवाहांनी मला विषय विचारला. "गाडीचा एक्सल" असं म्हटल्यावर ते क्षणभर गप्प झाले. मग म्हणाले, "काका, विषय चांगला आहे, पण महिलावर्गाला रस वाटेल का?" मी त्यांना म्हटलं, सॉल्ट लेकमध्ये सकाळी मुलांना शाळेत सोडणाऱ्या गाड्या कोण चालवतं ते एकदा फाटकाशी उभे राहून मोजा. त्यावर विषय मंजूर झाला.

तसं पाहिलं तर प्रसंगाला धरूनच हा विषय आहे. आपला गणेशोत्सव आणि इथली विश्वकर्मा पूजा बहुतेक वर्षी मागेपुढे येतात. आपल्याकडे हत्यारांची पूजा खंडेनवमीला होते. बंगालमध्ये ती बहुधा १७ सप्टेंबरला होते. त्या दिवशी प्रत्येक गॅरेजात हत्तीवर बसलेला विश्वकर्मा असतो, गच्चीवरून पतंग उडतात आणि कुणीही पान्याला हात लावत नाही. यंत्राला इतक्या प्रेमाने देव मानणाऱ्या गावात राहून यंत्राच्या एका भागाबद्दल गजाननासमोर चार शब्द बोलायला हरकत नसावी.

आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची गाडी उभी आहे. कुणाची मारुती ८००, कुणाची झेन, कुणाची सँट्रो, कुणाची पिंपरीत जन्मलेली इंडिका, तर एखाद्या हौशी घरी अजून अ‍ॅम्बॅसॅडर. खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे तपासणी होऊन ती ५ वर्षांसाठी वाढवून मिळू शकते. म्हणजे गाडी ठेवायची असं ठरवलं तर तिचे भाग बदलण्याची वेळ येणारच. त्यात एक दिवस मिस्त्री गाडीखालून डोकं बाहेर काढतो आणि म्हणतो, "दादा, एक्सेल पाल्टाते हॉबे." तिथून आजचा विषय सुरू होतो. खरंच बदलायला हवा का? आणि बदलायचा तर कुठला घ्यायचा? यात पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न आहे तो मां उड्डाणपुलावर ऐन गर्दीत गाडी एकाएकी जागच्या जागी थांबण्याचा.

आधी ही वस्तू काय आहे ते पाहू. बैलगाडीचा कणा आपण सर्वांनी पाहिला आहे. तो फक्त भार उचलतो, ओढण्याचं काम बैल करतात. मोटारीत इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा दांडा लागतो. अ‍ॅम्बॅसॅडरसारख्या गाडीत इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मागच्या जाड नळीसारख्या घरात डावा आणि उजवा असे दोन दांडे असतात. त्यांना आपले मिस्त्री हाफ शाफ्ट म्हणतात. ते सरळ असतात, वाकणं-वळणं त्यांच्या नशिबी नसतं. मारुतीसारख्या गाडीत मात्र पुढचीच चाकं गाडी ओढतात आणि तीच वळतातही. खड्ड्यातून जाताना ती वरखाली होतात, वळताना तिरकी होतात आणि या सगळ्यात त्यांना अखंड फिरतंही ठेवावं लागतं. म्हणून तिथल्या दांड्याच्या दोन्ही टोकांना सांधे असतात. हा सांधा म्हणजे सीव्ही जॉइंट, आणि सांध्यासकट पूर्ण दांडा म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट. बोलताना सगळेच त्याला एक्सेल म्हणतात.

शाळेत शरीरशास्त्रात आपण उखळीचा सांधा शिकलो. खांद्याचा असतो तो. चाकाजवळचा सांधा साधारण त्याच जातीचा. बाहेर वाटी, आत खोबणी पाडलेला गोळा, दोहोंच्या मध्ये पोलादी पिंजरा आणि त्यात बहुधा सहा गोळ्या. चाक सुमारे ४५ अंशांपर्यंत वळलं तरी या गोळ्या दोन्ही बाजूंचा वेग अगदी सारखा ठेवतात. साध्या युनिव्हर्सल जॉइंटला हे जमत नाही, तो तिरका झाला की प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग कमी-जास्त करतो. सहा गोळ्यांच्या या सांध्याची युक्ती फोर्ड कंपनीतले इंजिनिअर आल्फ्रेड रझेपा यांनी १९२०च्या दशकात काढली आणि १९५९ साली इंग्लंडात आलेल्या 'मिनी'मुळे ती छोट्या गाड्यांत रुळली. गिअरबॉक्सच्या बाजूचा आतला सांधा थोडा वेगळा असतो. तो कमी वळतो, पण आतबाहेर सरकतो, कारण चाक वरखाली झालं की दांड्याची लांबी कमी-जास्त व्हावी लागते.

आपल्याकडे ही पद्धत घरोघरी नेली ती मारुती ८००ने. पहिली गाडी डिसेंबर १९८३मध्ये बाहेर पडली. पुढच्याच महिन्यात आपलं सॉल्ट लेक स्टेडियम सुरू झालं, म्हणजे दोघं एकाच हिवाळ्यातले. आणि योगायोग पाहा, उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सची अ‍ॅम्बॅसॅडर, जी १९५८पासून निघत होती, ती आणि मारुती ८००, दोघींचंही उत्पादन २०१४ सालीच थांबलं. एक जानेवारीत, दुसरी मे महिन्यात. याचा अर्थ आज या गाड्यांचा जो भाग तुम्हाला दुकानात मिळतो तो एक तर जुना साठा असतो, किंवा सुट्या भागांच्या बाजारासाठी बनवलेला, किंवा दुसऱ्या गाडीतून काढलेला. म्हणून निवड जाणून करावी लागते.

आता मूळ मुद्दा सांगतो, बाकी सारं त्याचाच विस्तार आहे. ड्राइव्ह शाफ्ट सहसा आपणहून मरत नाही. त्याला मारतं ते फाटलेलं रबर. सांध्यावर घड्या-घड्यांची रबरी टोपी असते, तिला बूट म्हणतात. आत काळं ग्रीस असतं. बूट शाबूत आहे तोवर चांगल्या पोलादाचा सांधा दीड-दोन लाख किलोमीटर सहज काम करतो. बुटाला चीर पडली की फिरत्या चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर फेकलं जातं आणि त्या जागी पाणी आणि वाळू शिरते. आमच्या आजोळी बैलगाडीला वंगणाचा नळा टांगलेला असे. वंगण संपलं की गाडीच ओरडून सांगायची. मोटारीचा सांधा मात्र वंगण गेल्यावरही कित्येक दिवस गप्प राहतो आणि बोलायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो.

सॉल्ट लेकमध्ये हे विशेष लक्षात ठेवायचं, कारण आपल्या गाड्या फार चालत नाहीत. बाजार, बँक, नातवाची शाळा, रविवारी एखादं नाटक. वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर होतात. माणूस मीटर पाहतो आणि म्हणतो, गाडी तर नवीच आहे. पण रबर किलोमीटर मोजत नाही, ते वर्षं मोजतं. उन्हाने, दमटपणाने, एकाच जागी उभं राहून ते कडक होतं आणि घडीच्या तळाशी तडकतं. त्यात पावसाळ्यात तुंबलेलं पाणी. २३ सप्टेंबर २०२५ला एका रात्रीत जवळजवळ अडीचशे मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा किती गाड्या चाकं बुडेपर्यंत उभ्या होत्या ते आपण पाहिलं आहे. आणि भर म्हणून मूषकराज! बाप्पाच्या वाहनाला आपल्या वाहनाचं रबर फार आवडतं. आठवडा-आठवडा उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदरांनी बूट कुरतडल्याचे प्रकार इथे नवे नाहीत.

म्हणून दर तीन महिन्यांनी, आणि गाडी पाण्यातून गेली की लगेच, एवढं करा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा, खाली वाका, टॉर्च घेऊन चाकामागचा बूट पाहा. मग दुसरी बाजू. घड्या बोटांनी उघडून तळ पाहा. चाकाच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडालेले दिसले तर बूट गेला असं समजा. याच अवस्थेत, आवाज सुरू व्हायच्या आत, सांधा उघडून, धुऊन, नवं ग्रीस आणि नवा बूट घातला तर काम काही शे रुपयांत आणि मजुरीत भागतं. पूर्ण शाफ्टला काही हजार लागतात.

माझ्या स्वतःच्या झेनचं उदाहरण देतो. एका सर्व्हिसिंगच्या वेळी दोन्ही शाफ्ट बदलण्याचा सल्ला मिळाला. मी गाडी उचलून पाहिली. डाव्या बाहेरच्या बुटाला चीर होती, बाकी तिन्ही बूट ठीक होते. सांधा उघडायला लावला, रॉकेलमध्ये धुतला. खोबणीत खळगे नव्हते, गोळ्या चकचकीत होत्या, पिंजऱ्याला झीज नव्हती. ग्रीस भरलं, नवा बूट चढवला. तो शाफ्ट कंपनीतून गाडीबरोबर आला होता, तोच आजही गाडीत आहे. दुकानातल्या बहुतेक नव्या शाफ्टपेक्षा तो चांगला आहे, अशी माझी खात्री आहे.

पण आवाज सुरू झालाच असेल तर? मग दुखणं कुठे आहे ते आधी ओळखायचं. मोकळ्या जागी स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा. आपल्याकडे आयलँडांना तोटा नाही, पण ही परीक्षा रविवारी पहाटे रिकाम्या गल्लीत करावी, पीएनबी आयलँडवर संध्याकाळी सहा वाजता नव्हे. वळताना कट-कट-कट असा आवाज येत असेल तर बाहेरचा सांधा. सरळ जाताना अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी थरथरते आणि पाय काढला की थांबते, तर बहुधा आतला सांधा. वेगाबरोबर वाढत जाणारा घुमल्यासारखा एकसारखा आवाज असेल तर तो सहसा चाकाच्या बेअरिंगचा, शाफ्टचा त्यात दोष नाही. ही तीन दुखणी वेगळी ओळखली नाहीत तर चांगला शाफ्ट भंगारात जातो आणि आवाज गाडीतच राहतो.

एक गंमत ऐकून ठेवा. काही गाड्यांत डावा-उजवा बाहेरचा सांधा सारखा असतो. पुढे जाताना खोबणीची एकच बाजू झिजते. तेव्हा सांधे एकमेकांच्या जागी घातले की न झिजलेली बाजू कामाला लागते आणि आवाज काही महिने गायब होतो. जुनी गाडी विकताना हे करणारे लोक आहेत. घेणाऱ्याने लक्षात ठेवावं.

सांधा गेलाच आहे असं ठरलं, तर बाजारात आपल्यापुढे साधारण पाच वाटा असतात.

पहिली, गाडीच्या कंपनीच्या डब्यातला भाग. महाग, पण माप आणि पोलाद यांची चिंता नाही. मिळत असेल आणि परवडत असेल तर डोळे मिटून घ्यावा. डोळे मात्र डबा तपासून झाल्यावर मिटावेत.

दुसरी वाट मला सर्वांत शहाणपणाची वाटते. गाडीच्या कंपन्या शाफ्ट बहुधा स्वतः बनवत नाहीत, ते बनवणारे कारखाने वेगळे असतात. जीकेएनसारख्या कंपन्या जगभरच्या गाड्यांना शाफ्ट पुरवतात, भारतातही त्यांचे कारखाने आहेत. असे पुरवठादार अनेकदा तोच माल स्वतःच्या नावाच्या डब्यात सुट्या भागांच्या बाजारातही आणतात. आपल्या जुन्या शाफ्टवर, बाहेरच्या वाटीवर, बनवणाऱ्याची खूण ठोकलेली असते. गाडीखाली असताना ती पुसून वाचा, फोटो काढा आणि दुकानात त्याच नावाने मागणी करा. गाडीचं नाव सांगून 'एक्सेल द्या' म्हणणं आणि बनवणाऱ्याचं नाव सांगून मागणं यात फार फरक पडतो. दुकानदारही सरसावून बसतो.

तिसरी वाट म्हणजे इतर नावांचे नवे शाफ्ट. यात उत्तम ते टाकाऊ सगळं आहे. इथे थोडं शास्त्र सांगावं लागेल. दांडा पिळला जातो तेव्हा सर्वांत जास्त ताण त्याच्या पृष्ठभागावर येतो. म्हणून चांगल्या शाफ्टचा वरचा थर उष्णतेने कठीण केलेला असतो आणि गाभा चिवट ठेवलेला असतो. हे दुकानात डोळ्यांना दिसत नाही. पण जाडी दिसते. भरीव दांड्याची पिळाला तोंड देण्याची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते. म्हणजे जाडी १० टक्के कमी केली तर ताकद सुमारे २७ टक्के कमी होते. स्वस्त माल करणारा नेमका तिथेच पोलाद वाचवतो. म्हणून जुना शाफ्ट बरोबर घेऊन जावा आणि व्हर्निअर लावून दोन्ही मोजावेत. दुकानदार हसला तर हसू द्यावं.

सांध्याची वाटी मुळात ठोकून, म्हणजे फोर्जिंगने, बनलेली असावी लागते. या विद्येत आपला प्रांत मागे नाही. पुण्याच्या मुंढव्यातलं भारत फोर्ज जगभरच्या ट्रकांना फोर्ज केलेले भाग पुरवतं आणि त्याच कल्याणी समूहाच्या भागीदारीतली, १९८१ साली स्थापन झालेली म्हैसूरची ऑटोमोटिव्ह अ‍ॅक्सल्स ट्रक-बसचे एक्सल बनवते. पुण्यातच १९६६ साली स्थापन झालेल्या एआरएआय या संस्थेत गाड्यांच्या आणि त्यांच्या भागांच्या चाचण्या होतात. चांगलं पोलाद आणि चाचण्या यांवर कुणीतरी खर्च केलेला असतो. निम्म्याहून कमी किमतीत मिळणाऱ्या शाफ्टमध्ये हा खर्च कुठे गेला, एवढा प्रश्न स्वतःला विचारावा.

चौथी वाट रिकंडिशन केलेल्या शाफ्टची. हा शब्द भला आहे, पण त्याखाली दोन अगदी वेगळी कामं चालतात. प्रामाणिक कामात जुना मूळ शाफ्ट पूर्ण उघडतात, धुतात, मोजतात, झिजलेली खोबणी घासून त्या मापाच्या किंचित मोठ्या गोळ्या घालतात, किंवा सांधाच नवा बसवतात. दुसऱ्या कामात काळा रंग, नवं ग्रीस आणि नवा बूट, एवढंच होतं. ओळखायचं कसं? दांडा एका हाताने धरून वाटी दुसऱ्या हाताने उजवी-डावी पिळून पाहा. खटका जाणवला तर परत द्या. सांधा सगळ्या दिशांना वळवून पाहा, कुठेही अडकता कामा नये. आणि मधल्या सरळ भागाकडे विशेष लक्ष द्या. खोबणी झिजते ती बहुधा सरळ चालीच्या जागी, त्यामुळे कोपऱ्यात घट्ट आणि मध्ये ढिला असा सांधा म्हणजे फक्त रंगवलेला जुना माल.

पाचवी वाट आपल्या मल्लिकबाजारची. पार्क स्ट्रीट जिथे आचार्य जगदीशचंद्र बोस रोडला मिळतो तिथला हा बाजार म्हणजे जुन्या मोटारींचा मोक्षधाम. मुंबईकरांनी कुर्ला आठवावं. मी या बाजाराचा निंदक नाही. कमी चाललेल्या, अपघातात मागून ठोकलेल्या गाडीचा मूळ शाफ्ट तिथे मिळाला तर तो अनोळखी नव्यापेक्षा सरस ठरू शकतो. पण तो कुठल्या गाडीतून आला ते कळायला हवं. अ‍ॅम्बॅसॅडरच्या हाफ शाफ्टबाबत तर फारच, कारण बाजारात येणारा पुष्कळ माल निवृत्त पिवळ्या टॅक्सींचा असतो आणि त्या शाफ्टांनी आपल्या गाडीच्या कितीतरी पट रस्ता पाहिलेला असतो. हाफ शाफ्ट घेताना टोकाच्या दातांकडे लांबीच्या दिशेने पाहा. दात सरळ रेषेत असले पाहिजेत. थोडेही मळसूत्रासारखे फिरलेले दिसले तर तो दांडा पिळला गेला आहे, आज ना उद्या तुटणार. बारीक भेगेसाठी जुनी युक्ती आहे. दांडा रॉकेलने ओला करा, कोरडा पुसा, वर खडूची पूड चोळा. भेग असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीवर रेघ काढतं. बेअरिंगजवळ आणि दात संपतात तिथे ही रेघ जास्त दिसते.

इथे हावड्याचा विषय काढायलाच हवा. हावड्यातल्या लेथवर काय वाटेल ते करून मिळतं असं म्हणतात आणि ते बऱ्याच अंशी खरं आहे. तिथल्या कारागिरांच्या हाताला मी नमस्कार करतो. पण तुटलेला शाफ्ट वेल्डिंग करून किंवा साध्या सळईतून नवा पाडून कधीही गाडीत घालू नये. आकार हुबेहूब येईल, दातसुद्धा बसतील. पोलादाची जात आणि त्यावरची उष्णतेची प्रक्रिया मात्र लेथवर येत नाही. वेल्डिंगच्या कडेला पोलाद ठिसूळ होतं आणि दांडा पुन्हा नेमका तिथेच तुटतो.

तुटला की काय होतं? डिफरन्शियलची रचना अशी असते की एका बाजूचा दांडा सुटला की सगळी फिरत तिकडेच वाया जाते. इंजिन चालू, गिअर पडलेला, पण गाडी जागची हलत नाही. आणि यातला धोका पुष्कळांना माहीत नसतो: अशी गाडी चढावर गिअरमध्ये ठेवून उतरलात तरी ती धरून राहत नाही. हँडब्रेक ओढायचा आणि चाकामागे वीट लावायची. शिवाय तुटलेलं टोक गरगर फिरत ब्रेकच्या नळीला लागू शकतं. म्हणून म्हणतो, या भागात शंभर-दोनशे रुपयांची घासाघीस जरूर करा, पण माल बदलून स्वस्त करू नका.

आता दुकानाच्या फळीवर उभं राहून काय तपासायचं ते क्रमाने सांगतो. बायकांनी भाजी घेताना जेवढी चौकशी करतो तेवढीच, जास्त नाही, असं म्हणणार होतो, पण ती चौकशी आमच्या घरी मीच करतो.

एक, जुना शाफ्ट समोर ठेवून लांबी जुळवा, आतला सांधा दोन्हींत सारखाच दाबून. दोन, दोन्ही टोकांचे दात मोजा. एक दात कमी-जास्त असेल तर तो आपला नाही. तीन, गाडीला एबीएस असेल तर बाहेरच्या वाटीवरच्या कड्याचे दातही मोजा, नाही तर दिवा लागून राहील. चार, काही गाड्यांच्या लांब शाफ्टवर मध्येच रबरात बसवलेलं वजन असतं. ते शोभेचं नाही, थरथर मारण्यासाठी आहे. नव्यावर ते नसेल तर ठराविक वेगाला गाडी गुणगुणेल. पाच, बूट दाबून पाहा. मऊ आणि दाट हवा, बोटाला काळं लागत असेल किंवा घडीत आताच पांढुरकी रेघ असेल तर नको. सहा, बुटाला पोलादी पट्टीचे क्लॅम्प हवेत, तार नव्हे. सात, नवा नट आणि नवी सर्क्लिप बरोबर आहे का पाहा.

डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला हवा, तसा कायदाच आहे. छपाई अंधुक, स्पेलिंग चुकलेलं, होलोग्राम नखाने निघणारा, असं काही असेल तर तो डबा खरा आणि माल खोटा, किंवा दोन्ही खोटे. आणि पक्कं बिल घ्या. २२ सप्टेंबर २०२५पासून गाड्यांच्या सगळ्या सुट्या भागांवर जीएसटी १८ टक्के झाला आहे, त्याआधी पुष्कळ भागांवर तो २८ टक्के होता. 'बिलाशिवाय स्वस्तात देतो' हे वाक्य आता पूर्वीइतकं गोडही राहिलेलं नाही. बिल नसेल तर वॉरंटी नाही, वॉरंटी नसेल तर 'नवा' या शब्दाला अर्थ नाही.

बसवण्याबद्दल थोडक्यात. उत्तम शाफ्ट वाईट हातांनी महिन्यात खराब होतो. काढताना दांडा धरून ओढायचा नसतो, त्याने आतला सांधा सुटतो. गिअरबॉक्सच्या तोंडाशी पहार लावून उचकटायचा असतो. आट्यांच्या टोकावर थेट हातोडी मारायची नसते. गिअरबॉक्सचं ऑइल सील त्याच वेळी नवं घालावं आणि सांडलेलं तेल भरून घ्यावं. चाकाचा मोठा नट टॉर्क रेंचने, पुस्तकात दिलेल्या आकड्यालाच आवळावा, कारण पुष्कळ गाड्यांत चाकाचं बेअरिंग त्याच नटाने दाबून धरलेलं असतं. नट ढिला राहिला तर शाफ्ट नवा आणि बेअरिंग बाद. ग्रीस बुटाबरोबर आलेलंच, पुडीतलं पूर्ण वापरावं. बाहेरच्या आणि आतल्या सांध्याचं ग्रीस बहुधा वेगळं असतं, मिस्त्रीच्या डब्यातलं कुठलंही चालत नाही. अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये हाफ शाफ्टबरोबर सील बदलायला विसरू नये. तेल ब्रेकच्या ड्रममध्ये गेलं तर ब्रेक लागणार नाहीत, आणि मग शाफ्टची चर्चा करायला कुणी उरणार नाही.

आणि एक विनंती. मिस्त्रीशी भांडू नका. आपण त्याला 'स्वस्तातलं काहीतरी घाल' म्हणतो, तो घालतो आणि नंतर आपण त्याला चोर म्हणतो. त्याला आधी सांगा, "दादा, सांधा उघडून मला दाखवा, चांगला असेल तर फक्त बूट घाला, तुमची मजुरी पूर्ण देईन." बूट बदलायला शाफ्ट बदलण्यापेक्षा वेळ जास्त लागतो. मजुरी तेवढी मिळत नसेल तर तो पूर्ण शाफ्टच सुचवणार, त्यात त्याचा काय दोष? योग्य मजुरी दिलीत तर इथले बहुतेक मिस्त्री मन लावून काम करतात, हा माझा या शहरातला अनुभव आहे.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा. आपला मूळ शाफ्ट चांगला असेल तर नवा बूट घालून तोच ठेवावा. तो गेला असेल तर कंपनीचा, किंवा ज्या कारखान्याने मूळ शाफ्ट बनवला त्याच्या डब्यातला. ते मिळालं नाही तर उघडून दाखवलेला प्रामाणिक रिकंडिशन किंवा ओळखीच्या गाडीतला जुना मूळ. अनोळखी नावाचा स्वस्त नवा सर्वांत शेवटी, आणि तोही मोजून. बाजारात जाहिरात नेमकी याच्या उलट क्रमाने होते, म्हणून एवढा वेळ घेतला.

उत्सव संपेपर्यंत आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या गाडीचे चार बूट वाकून पाहावेत, एवढंच माझं मागणं आहे. पुढच्या रविवारी सकाळी मी टॉर्च आणि व्हर्निअर घेऊन मंडपाबाहेर दोन तास उभा राहणार आहे. ज्यांना वाकायला जमत नाही त्यांनी गाडी घेऊन यावी, आमच्या तरुण कार्यकर्त्यांच्या पाठी अजून शाबूत आहेत. आणि येताना मूषकराजांनी काय कुरतडलं आहे तेही एकदा बॉनेट उघडून पाहून या.

 गणपती बाप्पा मोरया!